मिठाला जागणं

गावाचं नाव सूर,
पण रात्रपाळीत ऐकू येतो तो पंपांचा एकच खर्ज.
भिंतीपलीकडे ओमानचा समुद्र.
आम्ही त्याचं पाणी घेतो, मीठ वेगळं काढतो
आणि ते त्यालाच परत करतो, आणखी दाट करून.

माझ्याकडे क्लोरीन.
आडव्या निजलेल्या टनाटनाच्या पिवळ्या टाक्या,
बाहेर सावलीत अट्ठेचाळीस अंश,
आणि ओढ वाढली की टाकीच्या पोटावर चक्क हिम.
हिम जिथवर, तिथवर आत द्रव.
मी नखानं त्यावर रेघ ओढतो.
फ्रीजबाहेरचा एवढाच बर्फ पाहिलाय
अकरा वर्षांत.

चिपळूणला घाणेकर बाई म्हणायच्या,
हॅलोजन म्हणजे मीठ घडवणारे.
सतराव्या रकान्यात वरून खाली उतरा:
रंग गडद होत जातो, अंग जड होत जातं,
वायू, वायू, मग द्रव, मग स्थायू,
जसा घरातला मोठा मुलगा उंडारतो
आणि धाकटा जागचा हलत नाही.

फ्लोरीन बाईंनीही पाहिला नव्हता.
फिका पिवळा, म्हणे; उणे एकशे अठ्ठ्याऐंशीला द्रव होतो.
खोबरेल थिजलं की थंडी पडली
एवढंच गोठणं ठाऊक असलेले आम्ही
वहीत तो आकडा लिहून घेतला, दोनदा अधोरेखित.

ब्रोमीन मात्र होता, काळ्या कागदात गुंडाळलेली बाटली.
काचेच्या बुचाखाली तांबडा धूर.
एकोणसाठ अंशांना उकळतो.
इथं ऑगस्टमध्ये उभ्या गाडीत बसताना
मला अजून ती बाटली आठवते
आणि मी काचा खाली करतो.

पहिल्या दिवशी हमूद बलुशीनं एकच धडा दिला:
हा हवेच्या अडीचपट जड.
खाली पळणारा मरतो.

मार्चमधली रात्र. तीन वाजून दहा मिनिटं.
आधी नाकात, मग डोळ्यांत.
अमोनियात बुडवलेला बोळा झडपेपाशी धरला,
पांढरा धूर उठला, लगेच.
आणि दिव्याखाली तो दिसला,
कैरीच्या कोयीलगतच्या गरासारखा,
पायऱ्यांवरून सावकाश उतरणारा,
जणू त्याला घर माहीत होतं.

रफीउल नवा. चितगावचा. तीन आठवड्यांचा.
आगीच्या कवायतीत शिकवलेलं त्याला पक्कं पाठ:
धूर दिसला की जमिनीलगत सरपट.
तो आडवा झाला.
मी ओरडलो ते मराठीत.
गचांडी धरून उचलला, वाऱ्याच्या तोंडावर, लोखंडी जिन्यानं,
त्याचा गुडघा तीन पायऱ्यांवर सोलला,
आणि पाण्याच्या टाकीच्या छपरावर आम्ही दोघं
उलटीला आल्यासारखे खोकत बसलो.
वरून दीपगृह दिसतं. लाकडी गलबतं दिसतात.
हमूद मुखवटा चढवून खाली गेला, झडप आवळली.

मग पेटीतलं आयोडीन काढलं.
त्याच घराण्यातला हा, चौथा.
रफीउल हिसडला, म्हणाला, हे पण जाळतं.
म्हटलं, हे नुसतं चरचरतं.
याचे मूळचे खडे करडे, चमकदार;
परीक्षानळीत जरा ऊब दिली
की जांभळी वाफ धरतात.
तो माझ्याकडे बघत राहिला.
अशा वेळी कुणी रंग सांगतं का, असं.

शेवटचा अ‍ॅस्टाटीन. डोळ्यांना दिसेल एवढा
कुणी कधी जमवलाच नाही.
त्यातला त्यात टिकाऊ, तोही
आठ तासांत अर्धा उरतो,
म्हणजे आमची एक पाळी.

गावी म्हणतात, खाल्ल्या मिठाला जागावं.
मी रात्रभर जागतो,
मीठ काढून टाकायच्या पगारावर.

सकाळी नोंदवहीत लिहिलं:
गळती ३.१०. बंद ३.२५. वारा वायव्येचा.
शेरा या रकान्यात काय लिहायचं कळेना.
लिहिलं,
रफीउल वर आला.